एक वर्ग, दोन शिक्षक: ऑनर्सच्या चौथ्या वर्षासाठी बारामती-इंदापुरातून एक प्रस्ताव

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे तर प्राध्यापकांचं काम, आम्हाला काय त्याचं? पण तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा बारामतीत, इंदापुरात, किंवा पुणे विद्यापीठाच्या कुठल्याही महाविद्यालयात बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. करत असेल, तर हा विषय तुमच्या घरापर्यंत आलेला आहे. पदवी आता चार वर्षांची होऊ शकते. चौथं वर्ष म्हणजे ऑनर्स. आणि त्या चौथ्या वर्षात नेमकं शिकवायचं काय, हे अभ्यास मंडळांच्या बैठकांत ठरतं.

मला त्यात एक गोष्ट सुचवायची आहे: दोन वेगळ्या विषयांच्या शिक्षकांनी एकाच वर्गात, एकाच वेळी बसून घेतलेला सेमिनार. पण थेट प्रस्तावावर येण्याआधी आमच्या घरचा एक किस्सा सांगतो, कारण माझ्या डोक्यात हे तिथूनच आलं.

आण्णांचा प्रश्न

आमचं रान निरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. त्यातला ओढ्याकडचा तुकडा माझ्या लहानपणीच खारवटला होता. उन्हाळ्यात वर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुटायचं, ऊस गुडघ्याच्या वर जायचा नाही. मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं आणि शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून त्याच मातीचे नमुने नेले. सामू काढला, विद्युत वाहकता काढली, तक्ते केले, आलेख काढले. निष्कर्षात लिहिलं की जमीन क्षारयुक्त आहे आणि निचऱ्यासाठी चर काढावेत. चांगले मार्क मिळाले.

फाईल घेऊन घरी आलो. आण्णांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली आणि म्हणाले, "चर काढायचा, हे मला कळतंय रे. चर ओढ्यापर्यंत जाणार कुणाच्या रानातून, तेवढं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. चर नेायचा म्हणजे खालच्या चार जणांची परवानगी हवी. त्यातल्या दोघांचं बांधावरून वाकडं. एकाचं रान दुसरा वाट्यानं करतो, त्याला पैसे घालण्यात रस नाही. चौथ्याची जमीन अजून चांगली आहे, तो कशाला खोदू देईल? हा सगळा भाग रसायनशास्त्राच्या बाहेरचा. आणि गंमत अशी की आमच्याच महाविद्यालयात, जिना चढून गेलं की अर्थशास्त्राचा विभाग होता. तिथं एक मॅडम सामाईक मालमत्तेचा प्रश्न शिकवायच्या, एकट्याचा फायदा आणि सगळ्यांचं नुकसान हेच प्रकरण. त्यांच्या विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून परदेशातली कुरणं माहीत होती, आमचं रान नाही. मी तीन वर्षांत तो जिना चढलो नाही. मला कुणी चढायला सांगितलंही नाही.

दोष कुणा एकाचा नव्हता. वेळापत्रकच असं होतं की खाली माती आणि वर माणसं.

चौथं वर्ष कशासाठी?

आता थोडं नियमांचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा श्रेयांक आराखडा जाहीर केला. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून हे लागू करायचं ठरलं. बोटावर मोजा: स्वायत्त महाविद्यालयांच्या पहिल्या तुकडीचं चौथं वर्ष येतं २०२६-२७ मध्ये, संलग्नचं २०२७-२८ मध्ये.

चौथ्या वर्षाचे दोन प्रकार. एक साधा ऑनर्स, दुसरा संशोधनासह ऑनर्स. संशोधनासह हवा असेल तर आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि १२ श्रेयांकांचा प्रबंध करावा लागतो. ज्यांना तो करायचा नाही त्यांनी त्याऐवजी १२ श्रेयांकांचे वेगळे पेपर घ्यायचे. आणि हिशेब असा की तीन वर्षांची पदवी घेतली तर पुढं एम.ए., एम.एस्सी. दोन वर्षांचं, चार वर्षांची घेतली तर एक वर्षाचं. एकूण वर्षं पाचच.

मग घरचे विचारणार, आणि बरोबर विचारणार, की चौथं वर्ष इथं काढून मिळणार काय? बारामतीला रोज एसटीनं येणाऱ्या मुलीला तिच्या आईवडिलांनी आणखी एक वर्ष का पाठवावं? याचं उत्तर जर "आणखी आठ पेपर, आणखी आठ नोट्सच्या झेरॉक्स" असं असेल, तर मुलं तीन वर्षांनी जातील आणि चौथं वर्ष कागदावर राहील. मुलींच्या बाबतीत तर "तीन वर्षं झाली, पदवी हातात आली, आता स्थळ बघू" हे वाक्य तयारच असतं. त्या वाक्यापुढं टिकेल असं काहीतरी चौथ्या वर्षात असलं पाहिजे.

आधी काय नाही ते सांगतो

संघ-अध्यापन, म्हणजे बोलीत टीम टीचिंग, हा शब्द आपल्याकडं स्वस्तात वापरला जातो. एका पेपरची चार युनिट. पहिली दोन जाधव सर घेणार, दुसरी दोन कुलकर्णी मॅडम. सर सप्टेंबरात संपवून गेले, मॅडम ऑक्टोबरात आल्या. दोघांची वर्गात कधी गाठच नाही. ही रिले शर्यत झाली, संघ-अध्यापन नाही. (नावं उदाहरणादाखल घेतली, बरं का.)

खऱ्या संघ-अध्यापनात दोघंही शिक्षक पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत वर्गात असतात. एक बोलत असताना दुसरा विद्यार्थी होतो, प्रश्न विचारतो, अडवतो, आणि मुलांसमोर कबूल करतो की "हे मला माहीत नव्हतं." तीन वर्षं मुलांनी शिक्षकाला फक्त उत्तर देताना पाहिलेलं असतं. जाणता माणूस नवी गोष्ट शिकताना कसा प्रश्न विचारतो, कुठं अडखळतो, हे त्यांना पहिल्यांदा दिसतं. या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

आणि सेमिनार म्हणजे मुलानं उभं राहून पॉवरपॉइंट वाचून दाखवणं नव्हे. सगळ्यांनी एकच मजकूर आधी वाचून यायचा आणि टेबलाभोवती बसून त्याची उकल करायची. पंधरा-सोळा जणांच्या वर हे चालत नाही. म्हणून ते पहिल्या वर्षाच्या शंभरच्या वर्गासाठी नाहीच.

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर महाविद्यालयात फ्रँक एडलॉट यांनी १९२२ मध्ये ऑनर्सचे छोटे सेमिनार सुरू केले. त्यात एक चांगली युक्ती होती: परीक्षा बाहेरचे परीक्षक येऊन घेत. त्यामुळं शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला आले, दोघांनी मिळून बाहेरच्याला तोंड द्यायचं. वॉशिंग्टन राज्यातलं एव्हरग्रीन महाविद्यालय १९७१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी उघडलं, तिथं तर दोन-तीन विषयांच्या शिक्षकांनी मिळून एकच मोठा अभ्यासक्रम चालवायचा, हीच मुख्य पद्धत ठेवली. आपल्याकडं आयआयटी मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रानं विद्यार्थ्यांना गावातल्या पाणीयोजना, चुली, रस्ते यांवर काम करायला लावलं, आणि २०१६ मध्ये राज्य शासनानं सुरू केलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानानं तोच विचार इतर महाविद्यालयांपर्यंत नेला. तेव्हा ही कल्पना आभाळातून पडलेली नाही.

इंदापूर १८३६

पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण सापडलं ते इंदापुरातच.

इंग्रजांनी १८१८ नंतर पुणे जिल्ह्यात सारा ठरवायला घेतला. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं १८३० च्या सुमारास जो सारा बसवला, त्याच्या मागं रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत होता. पुस्तकात तो चोख होता. इंदापूरच्या माळावर तो बसेना. आकारणी जड, त्यात अवर्षण, लोक जमिनी टाकून गेले.

मग इंदापूरला दोन माणसं आली. एक गोल्डस्मिड, मुलकी अधिकारी. दुसरा विंगेट, लष्करातला अभियंता. दोघांनी सिद्धांत बाजूला ठेवून जमीन पाहिली. मातीचा रंग आणि पोत बघून प्रकार पाडले, खोली मोजली, नऊ प्रती लावल्या, चुनखड, वाळू, उतार असले दोष वजा केले आणि प्रत आण्यांत मांडली. १८३६ पासून इंदापुरात हे दर तीस वर्षांसाठी लागू झाले. पुढं मुंबई इलाख्याची सगळी भूमापन पद्धत या पायावर उभी राहिली. आपण आज सातबाऱ्यावर आकार बघतो, गुंठ्यात जमीन बोलतो, त्याची मुळं इथं आहेत. ३३ फुटांची साखळी. साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

गोल्डस्मिड-विंगेट काही संत नव्हते, सरकारची तिजोरी भरायलाच आले होते. तीस वर्षांनी फेरआकारणी झाली तेव्हा सारा वाढला, आणि १८७५ मध्ये आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात सावकारांच्या खतपत्रांची होळी झाली. पण पद्धत म्हणून बघा. एकट्या अर्थशास्त्राला जे जमलं नाही ते, ज्याला माती मोजता येते आणि ज्याला कारभार कळतो, अशा दोघांनी एकाच रानात उभं राहून केलं. आणि ज्या प्रश्नांकडं दोघांनीही पाहिलं नाही, म्हणजे कर्ज, सावकार, कोर्ट, ते पुढं अंगावर आले. दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांनी शिकण्यासारख्या आहेत.

प्रस्ताव: पाणी, मीठ आणि माणसं

आता मूळ मुद्दा. पहिला सेमिनार मी निरा डाव्या कालव्याच्या खारवट जमिनींवर सुचवतो. जोडी: रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र.

हाच विषय का? कारण तो एका विषयात मावतच नाही. निरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. १९१० मध्ये, म्हणजे जेमतेम २५ वर्षांत, हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी निरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासाठी पुस्तिका लिहिली. मान हे पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य आणि मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पण त्याच माणसानं पुढं १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा जमीन, कर्ज, मजुरी असा सगळा अभ्यास करून पुस्तक काढलं. मातीपासून सुरुवात केली आणि माणसांपर्यंत गेले. आपल्या सेमिनारनं नेमका हाच रस्ता चालायचा आहे.

रसायनशास्त्राच्या शिक्षकानं काय शिकवायचं? काळ्या जमिनीतून पाणी सावकाश मुरतं. वर पाटाचं पाणी भरपूर, खाली निचरा नाही, मग भूजल वर येतं. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. सामू साडेआठच्या वर आणि सोडियमचं प्रमाण जास्त असेल तर ती चोपण. या दोन्हींत फरक न करता जिप्समची पोती टाकली तर पैसे मातीत जातात, कारण जिप्समचा उपयोग चोपणीला. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला आधी निचरा आणि मग गोड्या पाण्यानं धुणं लागतं. आणि चोपणीतही निचऱ्याशिवाय जिप्सम एकटं पुरत नाही.

अर्थशास्त्राच्या शिक्षकानं काय शिकवायचं? पाणी क्षेत्रावर मोजून मिळालं तर कमी वापरण्याचा मोह कुणाला का व्हावा? उसाला दराची हमी आहे, साखर कारखाना शेजारी आहे, तर शेतकरी दुसरं पीक का घेईल? माझ्या रानातलं पाणी झिरपून तुझं रान खराब होतं, त्याचा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा? भूमिगत पाईप टाकायचे तर वीस जणांनी एकत्र यावं लागतं, एकोणीस तयार झाले आणि विसावा मधोमध बसला तर काय? विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचवली, ठरावीक पट्ट्यात थोडा ऊस आणि बाकी हलकी पिकं आलटून पालटून. अभियंत्यानं काढलेला तो एक आर्थिक नियमच होता. तो कुठं टिकला, कुठं ढासळला?

आणि दोघांनी मिळून विचारायचा प्रश्न आण्णांचाच: चर जाणार कुणाच्या रानातून?

पंधरा आठवड्यांचा आराखडा

कागदावर मांडलं की वाद कमी होतो, म्हणून आकड्यांत सांगतो.

विद्यार्थी १६. आठ रसायनशास्त्राचे, आठ अर्थशास्त्राचे. प्रत्येक विज्ञानवाल्याला एक कलावाला जोडीदार, म्हणजे आठ जोड्या. श्रेयांक ४. त्यातले ३ वर्गाचे: एका श्रेयांकाला १५ तास म्हणजे ४५ तास, आठवड्याला ३ तास. उरलेला १ प्रत्यक्ष कामाचा: ३० तास, म्हणजे सहा-सहा तासांच्या पाच फेऱ्या. वर्ग सकाळी ११ नंतरच ठेवायचा, कारण सकाळची एसटी चुकली की दुसरी लवकर नसते, हे वेळापत्रक करणाऱ्यांना आठवण करून द्यावं लागतं.

पहिले ३ आठवडे शब्दांची देवाणघेवाण. अर्थशास्त्राची मुलगी प्रयोगशाळेत मातीचं द्रावण करते, तिचा जोडीदार तिला चुकू देतो आणि मग दाखवतो. रसायनशास्त्राचा मुलगा एका कुटुंबाचा उसाचा जमाखर्च मांडतो. पुढचे ३ आठवडे वाचन: १८३६ ची आकारणी, १९१० ची पुस्तिका, आजचे मृदा अहवाल. इंग्रजी मजकुराचा मराठी सारांश शिक्षकांनी आधी द्यायचा, चर्चा मराठीत. भाषेनं कुणी गप्प बसायला नको.

सातव्या ते दहाव्या आठवड्यात शिवार. त्यातली एक फेरी माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत. ही संस्था २००९ पासून अवर्षण, क्षार, उष्णता अशा ताणांवरच काम करते. इतकी जवळ असताना तिचा दरवाजा आपल्या मुलांनी फक्त बसमधून पाहावा, हे काही बरं नाही. उरलेल्या फेऱ्यांत प्रत्येक जोडीनं एकच ओढा किंवा चारी धरायची, वरून खालपर्यंत चालायची, दोन्ही बाजूचे नमुने घ्यायचे आणि दोन्ही बाजूच्या लोकांशी बोलायचं. पुढचे ३ आठवडे लिखाण. चौदाव्या आठवड्यात गावात, ज्यांच्या रानात गेलो त्यांच्यासमोर, मराठीत सांगायचं. पंधराव्यात बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी.

मार्क कशाला? वर्गातल्या चर्चेला आणि वहीला, जोडीच्या अहवालाला, आणि एका खास उत्तराला: जोडीदाराचा भाग तुम्ही समजावून सांगा. रसायनवाल्यानं सामाईक खर्चाचा पेच सांगायचा, अर्थशास्त्रवालीनं क्षारयुक्त आणि चोपण यातला फरक. जे पाठ करून येतील ते तिथं सापडतात.

अडचणी, आणि त्या खऱ्या आहेत

पहिली अडचण कार्यभाराची. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन धरलेलं आहे. एका वर्गात दोन शिक्षक असले की कार्यालय विचारतं, ३ तास कुणाच्या नावावर? बहुतेक वेळा उत्तर निघतं, दीड-दीड करा. इथंच हा प्रकार मरतो. दोघंही पूर्ण वेळ वर्गात, तयारी नेहमीपेक्षा जास्त, आणि हिशेबात निम्मे. म्हणून प्रस्तावात पहिलंच वाक्य हे हवं: दोघांनाही पूर्ण तास. महाविद्यालयाला त्याची किंमत किती? दुसऱ्या शिक्षकाचे वर्गाचे ४५ आणि शिवाराचे ३० मिळून सत्राला ७५ तास, म्हणजे आठवड्याला ५. एका माणसाच्या कार्यभाराच्या एक तृतीयांशाहूनही कमी. एवढ्यात एक सेमिनार उभा राहतो.

दुसरी अडचण बोलायला अवघड आहे. कित्येक विभागांत शिकवणारे निम्म्याहून जास्त लोक तासिका तत्त्वावर असलेले मी पाहिलेत. त्यांना तासाचे पैसे मिळतात, बैठकीचे, तयारीचे, शिवारातल्या उन्हाचे नाहीत. उत्साही तेच असतात, तरुण तेच, आणि "तुम्ही करा ना, चांगला उपक्रम आहे" असं त्यांनाच सांगितलं जातं. हा सेमिनार त्यांच्या फुकट घामावर उभा करायचा असेल तर नकोच करू या. शिवाराचे तास आणि पूर्वतयारीच्या बैठका मानधनात धरल्या पाहिजेत, आणि प्रमाणपत्रावर दोघांची नावं सारख्याच अक्षरांत हवीत.

तिसरी: "यानं विषय उथळ होतो." ही शंका मी हलक्यात घेत नाही. ज्याला कुठलाच विषय नीट येत नाही, त्याला दोन विषयांची जोड देऊन दोन्ही कच्चे राहतात. म्हणूनच हे चौथ्या वर्षाला. तीन वर्षं एक विषय खोल खणलेला असतो. आपल्या विहिरीला पाणी लागलं की मग शेजारच्या विहिरीत डोकवायचं.

चौथी: बसवायचं कुठं? मेजरच्या ऐच्छिक पेपरच्या ४ श्रेयांकांत. एकच सेमिनार, दोन्ही विभागांत त्याला आपापला कोड, मजकूर तोच. दोन्ही अभ्यास मंडळांनी तो मंजूर करायचा. स्वायत्त महाविद्यालयाला हे आपल्या पातळीवर करता येतं. संलग्न महाविद्यालयाला वाट विद्यापीठातून काढावी लागेल, म्हणून सुरुवात स्वायत्तनं करावी.

एक गोष्ट मात्र आग्रहानं. ७५ टक्क्यांची अट संशोधनासह ऑनर्सला आहे, ती या सेमिनारला लावू नका. चारीवरचे वाद सोडवायला साठ टक्केवाला कदाचित जास्त उपयोगी पडेल, कारण त्यानं ते घरी पाहिलेले असतात.

आणखी कुठल्या जोड्या?

उजनीचा जलाशय घ्या. १९८० ला धरण पूर्ण झालं, सुमारे ११७ टीएमसीचा साठा. भिगवणला रोहित पक्षी बघायला लोक लांबून येतात. त्याच पाण्याखाली गावं गेली, पळसदेवचं जुनं मंदिर पाणी ओसरलं की वर येतं. जाळ्यात चिलापी जास्त येते, पुण्या-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून इथंच येतं. प्राणिशास्त्र आणि इतिहास एकत्र बसले तर वर्षभराचा मजकूर आहे.

तुकोबांची पालखी घ्या. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम. एका रात्रीत गावाची लोकसंख्या अनेक पटींनी वाढते. पाणी, स्वच्छता, पंगती, दुकानदारी. सूक्ष्मजीवशास्त्र, वाणिज्य आणि मराठी, तिघांचीही सोय.

आणि कायद्याचं महाविद्यालय, अभियांत्रिकीचं, शेतीचं, २०१९ पासून वैद्यकीयही, हे सगळं बारामतीत काही किलोमीटरच्या आत आहे. पुढच्या टप्प्यात जोडी दोन संस्थांमध्येही जमू शकते, श्रेयांक आता खात्यात जमा होऊन इकडचे तिकडे नेता येतात. पण पहिल्या वर्षी तो मोह नको. एक जिना चढला तरी पुरे.

शेवटी

तुम्ही प्राध्यापक असाल तर या आठवड्यात एवढंच करा. दुसऱ्या विभागातल्या एका माणसाबरोबर चहा घ्या आणि विचारा, तुमच्या विषयातला कुठला प्रश्न तुम्हाला एकट्याला सुटत नाही? पालक किंवा विद्यार्थी असाल तर प्रवेशाच्या वेळी विचारा, चौथ्या वर्षात नवीन काय आहे? असे प्रश्न दहा जणांनी विचारले की ते बैठकीच्या विषयपत्रिकेवर येतात.

आमच्या तुकड्याचं काय झालं, विचाराल. चर अजून झालेला नाही. आण्णा थकलेत. फाईल कपाटात आहे, आकडे बरोबर आहेत. खालच्या चार रानांतल्या एका घरातली मुलगी यंदा अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचं चौथं वर्ष सुरू झालं आणि तिच्या शेजारी रसायनशास्त्राचा एखादा मुलगा वही घेऊन बसला, तर ती फाईल मी स्वतः नेऊन देईन.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.